अर्ध्या ठिपक्याचं नून

छत्ता बाजारातल्या कार्डं छापणाऱ्या दुकानात मुर्तुजामियाँच्या हातात नातीच्या लग्नाचं कार्ड पडलं आणि त्यांचं तोंडच पडलं.

अक्षर घौसचं होतं!

दुसऱ्या कुणाचं असणार होतं म्हणा. हैदराबादेत हल्ली उर्दूत काहीही छापा, अक्षर घौसचंच. लग्नाची कार्डं घौसची, डेअरीची पाटी घौसची, हकिमाच्या मूळव्याधीच्या गोळ्यांची जाहिरातसुद्धा घौसची. पंचवीस वर्षांपूर्वी हे दोघे कातिब एका उर्दू पेपरच्या कचेरीत शेजारी शेजारी बसत आणि अख्खा पेपर बोरूने लिहून काढत. एक दिवस कॉम्प्युटरवाले आले. म्हणाले, सगळी अक्षरं एकदा लिहून द्या, यंत्रात घालतो. मुर्तुजामियाँ ताठ्यात म्हणाले, "हात विकायला नाही काढला." घौसने लिहून दिली. वर्षभरात पेपर यंत्रावर गेला आणि मुर्तुजामियाँ घरी.

उद्या आपण मेलो तर पेपरात मयतीची बातमीही ह्याच्याच अक्षरात येणार! हा विचार त्यांना दाढेसारखा ठणकायचा.

आणि आज तर घौस समोरच बसला होता, चहात बिस्कीट बुडवत. दुकानदार अकील त्याला 'उस्ताद' म्हणायचा, पंख्याखालची खुर्ची द्यायचा. मुर्तुजामियाँना नुसतंच 'दादा'.

"मुबारक हो मियाँ! तहसीनचं लग्न! कार्ड कसं झालंय?"

"बघतोय."

"बघ की. आधी चष्मा पूस तेवढा."

कार्ड खरं तर मुर्तुजामियाँच लिहिणार होते. तहसीन पाच वर्षांची असल्यापासून तसं ठरलं होतं. पण पोराने परस्पर इथे सांगून टाकलं आणि बापाकडे काम ठेवलं ते फक्त चुका तपासण्याचं. ठीक आहे! एक चूक सापडू दे, एकच. हे कार्ड अकीलच्या तोंडावर मारून ते घरी जाऊन स्वतः लिहिणार होते.

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून बोरू काढला, अकीलकडून शाई घेतली. प्लास्टिकच्या खुर्चीवर उजवा पाय वर घेतला आणि गुडघ्यावर कार्ड ठेवलं. टेबलावर कारकून लिहितात, कातिब गुडघ्यावर. मग एकेका अक्षराशेजारी बोरूचे ठिपके टेकवत मापं घ्यायला लागले. अक्षर किती ठिपके उंच, किती खोल, सगळं ठरलेलं असतं.

अलिफ बरोबर. मीम बरोबर. मेल्याचं सगळंच बरोबर!

"काय म्हणतायत ठिपके?" घौसने विचारलं.

मुर्तुजामियाँ तोवर नातीच्या नावापाशी आले होते. तहसीन. शेवटी नून, म्हणजे 'न'. शब्दाच्या शेवटी आलं की त्याची गोल वाटी होते, आत एक टिंब. त्यांनी ठिपके टेकवले. पुन्हा टेकवले. आणि खुर्चीतून जवळजवळ उडालेच.

"चुकलंय! अकील, इकडे ये! तुझ्या उस्तादाचं नून चुकलंय! वाटी अर्धा ठिपका जास्त खोल! आमच्या उस्तादांनी बोटं फोडली असती!"

"फोडलीच की," घौस म्हणाला. "तुझी."

"काय?"

"ते नून तुझं आहे."

बिस्किटाचा तुकडा चहात पडला. घौसने तो काढला नाही.

"यंत्रातली बाकी सगळी अक्षरं माझी. नून जमेना. बरोबर यायचं, पण मेलेलं यायचं. मग पेपराच्या जुन्या कागदांतून तुझं उचललं."

"चोर!"

"चोर तर चोर. आपले उस्ताद त्या अर्ध्या ठिपक्यासाठी तुला पट्टी मारायचे ना? आणि मग तोच कागद घडी घालून खिशात ठेवायचे. तू हात चोळत बसायचास, तुला दिसायचं नाही. मला दिसायचं." घौसने स्वतःची गुळगुळीत बोटं पालथी करून पाहिली. "मला कधी एक पट्टी बसली नाही, मुर्तुजा. मारण्यासारखं माझ्यात काही नव्हतंच."

पंखा घरघरत होता. अकील दोघांकडे आळीपाळीने बघत होता.

"मग दुरुस्त करून देऊ, दादा?"

"हात लावशील तर बघ!"

मुर्तुजामियाँनी कार्ड पुन्हा गुडघ्यावर घेतलं. बोरू शब्दांवरून फिरायला लागला. तहसीन. खानदान. मेहमान. प्रत्येक वाटीपाशी तो थबकायचा. मग बोरू हवेतच थांबला.

"घौस."

"हं?"

"मयतीच्या बातमीत 'तदफीन' लिहितात ना रे? दफन किती वाजता ते?"

"लिहितात. आणि 'कब्रस्तान'." घौसने बोटं मोजली. "दोन नून."

"दोनच?" मुर्तुजामियाँ म्हणाले, आणि त्यांचं तोंड पुन्हा पडलं.