फक्त आईच्या अंघोळीला

धायरीच्या फ्लॅटमधला गॅस गीझर मध्येच विझायचा, तोही फक्त आईच्या अंघोळीला. ऐन थंडीत संधिवाताच्या अंगावर गार पाणी. इंजिनिअर चेतनने सेल बदलले, स्पार्क प्लग घासला, शेवटी कंट्रोलरही नवा बसवला. आई नळ बारीक सोडत असेल, अशी शंका येऊन त्याने स्वतः अगदी बारीक धार ठेवून पाहिली. गीझर पेटलेलाच राहिला.

"साहेब, गीझरला काय माहीत, आत सून आहे की सासू?" मेकॅनिक हसला.

रविवारी आई अंघोळीला गेली, तेव्हा चेतन ड्राय बाल्कनीत गीझरचं झाकण उघडून उभा राहिला. थोड्याच वेळात ज्योत विझली. ठिणग्या पडत होत्या, पण गॅसच येत नव्हता. पाइपचा माग काढत तो स्वयंपाकघरात आला. त्याची बायको पूर्वा ओट्याखाली वाकली होती. गीझरच्या लाइनचा कॉक तिने नुकताच बंद केला होता.

"सापडला फॉल्ट?" तिने शांतपणे विचारलं.

"अरे चेतन, गार पडलं रे पाणी!" आतून आईचा कापरा आवाज आला.



चेतनने बाथरूमचं दार वाजवलं. "आई, किती वेळा सांगायचं? नळ बारीक सोडत जाऊ नकोस!"