तिखटाचा दोष

“उन्हाळी लागलीय, दुसरं काही नाही,” नवरा डॉक्टरबाईंना म्हणाला. ऐन थंडीत, गळ्यात मफलर गुंडाळून! लघवीला जळजळ सुरू झाल्यापासून सासूबाई त्याला धने-जिऱ्याचं पाणी पाजत होत्या आणि मला सुनावत होत्या, “तुझ्या तिखट स्वयंपाकानं पोराला उष्णता बाधली.”

पण चड्डीवरचे पिवळे डाग तिखटाचे नसतात, हे धुणं धुणारीला कळतं. म्हणून मीच त्याला ओढून आणलं होतं. डागांचंही मीच सांगितलं.

डॉक्टरबाईंनी पू काचपट्टीवर घेऊन तपासला. “मूत्रमार्गाला सूज आलीय. हा संसर्ग शरीरसंबंधातून झालाय. जोडीदारालाही औषध घ्यावं लागेल.”

“मग हिच्याकडूनच आला असणार!” तो उसळला.

“कसा येईल?” मी डॉक्टरबाईंना म्हणाले. “माझ्या बाळंतपणानंतर सासूबाईंनी यांची गादी बाहेरच्या खोलीत टाकली. वर्ष झालं, ती अजून तिथेच आहे.”

तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला. मी स्पीकर लावून तो त्याच्या तोंडासमोर धरला.

“अहो, आईंना तुम्हीच सांगा ना, कुणाच्या स्वयंपाकानं झालं ते.”