एका बॉक्सवर दोन टीव्ही

"टीव्ही आमचा, वीज आमची, सोफा आमचा, आणि बघायचं काय ते मात्र खालच्यांनी ठरवायचं," धाकटी जाऊ डिशवाल्याच्या मागे मागे फिरत पुटपुटत होती. "तुम्हीच सांगा, ही काय पद्धत झाली?"

डिशवाल्याला हे नवीन नव्हतं. एका बॉक्सवर दोन टीव्ही लावले तर दोन्हीकडे वेगवेगळं दिसेल का, असं त्याला रोज कुणी ना कुणी विचारायचंच. नाही दिसत. जिथे बॉक्स आणि रिमोट, तिथलं राज्य. दुसऱ्या टीव्हीने मुकाट तेच दाखवायचं. इथे बॉक्स खाली थोरल्या भावाकडे होता आणि वर धाकट्याकडे नुसती वायर आली होती. दोघं बोलत होते तोवर कुणाची तक्रार नव्हती.

आता सात महिने बोलणं बंद होतं. कारण काय, तर फाटकाचा रंग. थोरल्याने न विचारता फाटक हिरवं केलं. धाकट्याने न सांगता त्यातली आपल्या बाजूची झडप निळी केली. मग पेपर वेगळा झाला, पाण्याची टाकी वेगळी झाली, जिन्यातल्या एका दिव्याचे दोन झाले. दोन्ही घरांत मिळून एक ही वायरच तेवढी उरली होती. आज वर वेगळा बॉक्स बसून तीही निघणार होती.

पॅकेज ठरवायला डिशवाल्याने नेहमीचे प्रश्न काढले. काय काय बघता? त्यातलं सध्या काय दिसत नाही? धाकटी जाऊ विचारात पडली. तिचा तीनचा पाककृतींचा कार्यक्रम? तो लागतो. रविवारी यांची कुस्ती? तीही लागते. तेवढ्यात त्यांची चिंगी शाळेतून आली, तिने दप्तर फेकलं आणि जमिनीवर एकदा जोरात पाय आपटला. काय हट्टी पोर आहे, डिशवाल्याच्या मनात आलं. टीव्हीवर बातम्या जाऊन कार्टून सुरू झालं.

"मग अडचण काय आहे?" त्याने विचारलं.

"शब्दाने विचारत नाहीत ना," ती म्हणाली. धाकटा खिडकीशी पाठ करून उभा होता.

गच्चीची किल्ली खाली असायची. डिशवाला ती मागायला गेला, तर थोरला कानात कापसाचे बोळे घालून कार्टून बघत बसलेला. घरात लहान मूल एकही नाही. थोरली जाऊ हसू दाबत म्हणाली, की यांना खरं तर बातम्या हव्या असतात, पण वरून एकदा पाय आपटला की ससा आणि दोनदा आपटला की कुस्ती. तीनचं तर न आपटताच लागतं, ते यांना पाठच झालंय.

थोरल्याने एका कानातला बोळा काढला. वेगळा बॉक्स लागला की वरच्यांना इथलं काही दिसणार नाही ना, असं त्याने विचारलं. नाही दिसणार, डिशवाला म्हणाला, आता खुशाल बातम्या बघा. थोरला "बरं झालं" म्हणाला, पण तोंड असं केलं की जणू काढा पाजलाय. मग गच्चीवरची डिशची छत्री मी उभी केलीय, तिला हात लागताना मी हजर पाहिजे, असं बजावत तोच किल्ली घेऊन पुढे निघाला.

वरच्या मजल्यावर नवा बॉक्स बसला. गच्चीवर छत्रीला दुसरी वायर जोडताना ती बोटभर हलली, आणि बोटभर हलली तरी चित्र जातं. आता एकाने ती धरून फिरवायची, एकाने पान्याने स्क्रू आवळायचे आणि एकाने खाली टीव्हीकडे बघून सांगायचं. थोरल्याने छत्री धरली. बरोबर खालच्या खिडकीत धाकटा होता.

"विचारा त्यांना, आलं का," थोरला म्हणाला.

डिशवाल्याच्या दातांत चार स्क्रू होते. त्याने नुसतं खिडकीकडे बोट दाखवलं. थोरल्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. तिसरं कुणीच नव्हतं.

"आलं का?" तो आभाळाकडे बघत ओरडला.

खाली धाकटा दोनदा खाकरला. मग आवाज आला, "नाही."

छत्री डावीकडे गेली. नाही. उजवीकडे गेली. नाही, नुसती निळी पाटी. पाच मिनिटांत "आलं का"चं "आलं का रे" झालं आणि खालून "नाही रे दादा" आलं. मग मधेच थोरल्याने चिंगीचा खोकला गेला का विचारलं. धाकट्याने गुडघा कसा आहे ते विचारलं आणि उन्हात टोपी तरी घालायची होतीस म्हणून दटावलं. गच्चीवरून फाटक पुरतं दिसत होतं. निळं तसं वाईट दिसत नाही, असं वरून कळवण्यात आलं. हिरवंही धूळ लपवतं, असं खालून उत्तर आलं. चित्र मात्र येईना.

डिशवाला चक्रावला. चौदा वर्षांत एवढा वेळ कुठल्याच छत्रीने घेतला नव्हता. शेवटी त्याने चारही स्क्रू पक्के आवळून टाकले. तरी खालून "नाही"च.

"अरे, किती वेळ धरू? हात भरून आले," थोरला म्हणाला.

"अजून थोडंच, दादा."

तेवढ्यात धाकटी जाऊ खिडकीशी आली. तिने टीव्हीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि खिडकीतून मान बाहेर काढून वर पाहिलं.

"भाऊजी, सोडा ती छत्री. चित्र केव्हाच आलंय," ती म्हणाली. "ह्यांना तुमच्याशी बोलायचंय."