शेजारची सीट

आमचे हे दर रविवारी वळसंगच्या घरी अंगणात दोऱ्या ताणून रेसच्या गाडीची चाकं सरळ करत बसतात. गाडी हलकी व्हावी म्हणून शेजारची सीट त्यांनी काढूनच टाकलीय. म्हणजे त्या भवानीत मला जागाच नाही! ती दिसली की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

काल मात्र हाक आली, "पूनम, ये की, माझ्या सीटवर बस. चाकांचं माप घेताना आत माझ्याएवढं वजन लागतंय."

कारण काही का असेना, मी पदर सावरून ऐटीत बसले.

जरा वेळानं "तू लई हलतीस," म्हणत त्यांनी मला उतरवलं आणि तिथं ज्वारीचं पोतं बसवलं.



पोत्याला बेल्ट लावला. मला नव्हता लावला.