जातो म्हणायचं नसतं

तालिनमधल्या त्या कॅफेत दर गुरुवारी संध्याकाळी यंत्रवेडी माणसं गप्पा मारायला जमत. प्रत्येकाच्या कानात दुभाष्या असे. समोरचा कुठल्याही भाषेत बोलो, ऋजुताला ऐकू येई ते शुद्ध मराठीच, तेही यंत्राच्या गुळगुळीत आवाजात. व्याकरणात कुठे बोट ठेवायला जागा नसे. फक्त उठताना जो तो म्हणे, "मी जातो." आणि दर वेळी तिच्या काळजात चर्र होई. निघताना असं म्हणायचं नसतं, हे त्या यंत्राला कोण शिकवणार?

त्या गुरुवारी म्हातारे आर्वो सेन्सर या विषयावर तासभर बोलले, मग उठले, कोट चढवला आणि म्हणाले, "येतो."

ऋजुता दचकली. हा आवाज यंत्राचा नव्हता. त्यांचा स्वतःचा होता, खरखरीत. ती त्यांच्या मागे दारापर्यंत धावली.

"तुम्ही मराठी बोलता?"

"छे हो, तेवढा एकच शब्द येतो," दुभाष्या पुन्हा सुरू झाला. "बायको साताऱ्याची होती. जातो म्हटलं की चिडायची. शेवटी दवाखान्यात नेलं, तेव्हासुद्धा घराकडे बघून 'येते' म्हणाली."

'येतो'ला घरी जे उत्तर देतात, तेच ऋजुताच्या तोंडून निघालं.

"या."

दुभाष्याने त्याचा शब्दशः अर्थ लावला असावा. आर्वोंनी दाराच्या मुठीवरचा हात काढला, कोट काढून पुन्हा खुर्चीला अडकवला आणि ते तिच्या खुर्चीसमोर येऊन बसले.