हवेची नळी

“झालं,” नळीतून त्याचा आवाज आला. “उद्या नळीच्या वरच्या तोंडाला गाळणी बसवली की काम संपलं.”

स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीवर ती शेंगा सोलत बसली होती. तिचा हात थांबला.

“एवढ्यात?” ती नळीकडे वाकून म्हणाली.

“एवढ्यात काय? शेजारी विचारतायत, विहीर खणताय की भुयार.”

“मी सांगितलंय त्यांना, यांना वरच्या घरात करमत नाही, म्हणून खाली दुसरं बांधतायत.”

खालून हसणं आलं. नळीतून येताना ते घुमायचं आणि तरुण वाटायचं.

परसात जमिनीखाली एक भक्कम खोली बांधायचं त्याने निवृत्त झाल्यावर मनावर घेतलं. टीव्हीवर रोज युद्धं आणि वादळं दिसत होती. उद्या इथे काही झालंच, तर आपल्या माणसांना लपायला जागा हवी, असं त्याला वाटलं. जन्मभर पाण्याच्या टाक्या बांधलेला माणूस तो. माती उपसायला आणि स्लॅब टाकायला त्याने माणसं लावली. बाकी सगळं स्वतः केलं. गिलावा, शिडी, डब्यांसाठी फळ्या, निजायला तीन बाकडी. बंद खोलीत माणूस गुदमरतो, म्हणून तिथे दोन नळ्या ठेवाव्या लागतात. एकीने ताजी हवा आत येते, दुसरीने वापरलेली बाहेर जाते. आत येणाऱ्या हवेची नळी या पायरीपाशी निघाली होती.

दोघांचं भांडण असं कधी झालं नव्हतं. लग्न झालं तेव्हा दोघंही बुजरी होती, आणि बुजरेपणा जायच्या आत मुलगी झाली. ती बोलू लागल्यावर सगळं तिच्यामार्फतच सुरू झालं. “बाबांना म्हणावं, जेवायला चला.” “आईला विचार, माझा चष्मा कुठे दिसला का.” तिघं एकाच खोलीत असली तरी निरोप मुलीच्या हातूनच जायचा. “मला पोस्टात जन्मतःच नोकरी लागली,” असं ती म्हणायची. पुढे ती दूरच्या शहरात गेली आणि तिथलीच झाली. घरात निरोप न्यायला कुणी उरलं नाही. “वाढू?” आणि “वाढ” एवढ्यावर दिवस जाऊ लागले.

खाली फरशी बसायच्या आधीची गोष्ट. एका दुपारी तिने शिडीपर्यंत जायचा कंटाळा केला आणि नळीलाच तोंड लावून विचारलं, “अहो, चहा टाकू का?”

“टाक,” खालून आलं. आणि मग, जरा थांबून, “ऐक ना. इथे मातीला वास येतोय. तुझ्या माहेरच्या अंगणात यायचा तसा.”

ती चहा विसरली. ते अंगण त्याच्या लक्षात असेल, असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

तेव्हापासून तो खाली गेला की ती निवडणं-टिपणं घेऊन पायरीवर बसू लागली. एकमेकांचं तोंड दिसत नसलं की दोघांनाही बोलणं सुचायचं.

“तिसरं बाकडं कुणाला?” तिने एकदा विचारलं होतं.

“तिला. जग बुडायला लागल्यावर येईलच ना घरी.”

“त्याआधी आली तर चालणार नाही का?”

नळीतून थापी घासल्याचा आवाज आला. “चालेल,” मग खालून आलं. “पण तिला सांगू नकोस.”

“मी कशाला सांगू? मी काय पोस्ट आहे?”

गाळणीचं बोलणं झालं त्या संध्याकाळी तो हातपाय धुऊन जेवायला बसला. तिच्या मनात खूप होतं. दुपारी त्याने खालून म्हटलेलं एक गाणं अर्धं राहिलं होतं, त्याच्या पुढच्या ओळीही विचारायच्या होत्या. तो समोर बसला आणि तिने भाताचं पातेलं पुढे ओढलं.

“वाढू?”

“वाढ.”

त्यानेही एकदा मान वर केली, ओठ उघडले, आणि पाण्याचा पेला उचलला.

सकाळी तो गाळणी घेऊन पायरीशी आला. बारीक जाळी आणि आत कापडाचे जाड थर. धूळ जाणार नाही, धूर जाणार नाही, आणि तिला दिसत होतं, हाकही जाणार नाही. ‘नका बसवू’ एवढंच म्हणायचं होतं. पण तो समोर उभा होता.

“मला आधी खोली बघायची आहे,” ती म्हणाली.

तो चकित झाला. गुडघ्यांमुळे ती आजवर खाली उतरली नव्हती. तो पुढे झाला, आणि ती शिडीची एकेक पायरी चाचपत त्याच्यामागून उतरली. खोली नेटकी होती. दिव्याच्या उजेडात गिलावा गुळगुळीत दिसत होता. भिंतीवरून हात फिरवत ती कोपऱ्यापर्यंत गेली आणि थांबली.

“इथे ओल आहे.”

“ओल? माझ्या हातच्या भिंतीला?” तो ताडकन पुढे आला. “अगं, गावभर माझ्या टाक्या उभ्या आहेत. एकीतून थेंब गळला असेल तर दाखव.”

“टाक्यांचं मला ठाऊक नाही. इथे आहे.”

त्याने तळहात टेकवला. मग हाताची मागची बाजू लावून पाहिली. वर, खाली, कोपऱ्यात. भिंत कोरडी ठणठणीत होती. काहीतरी सुनावायला तो तिच्याकडे वळला. ती भिंतीकडेच बघत होती, आणि तिची हनुवटी थरथरत होती.

गाळणी त्याने तिसऱ्या बाकड्यावर ठेवली आणि तिथल्या हत्यारांच्या पिशवीतून छिन्नी-हातोडा काढला.

“आहे खरी,” तो म्हणाला. “चारही भिंतींना असणार. सगळा गिलावा काढावा लागेल. तू वर जाऊन बस.”

ती शिडी चढून गेली. कोरड्या भिंतीला छिन्नी लावून तो थांबला, आणि तिची हाक येईपर्यंत त्याने पहिला घाव घातला नाही.