नातीचं खोकं

बाजारातल्या भाजीवर आजीचा काडीचा विश्वास नव्हता. लेकीला दिवस गेल्याचं कळलं त्याच आठवड्यात तिने घरामागच्या मोकळ्या जागेत गाजरं, टोमॅटो आणि पुदिना लावला. गाजराचा मुरंबा, टोमॅटोचा जॅम, चहासाठी सुकवलेला पुदिना असं भरगच्च खोकं दर महिन्याला लेकीकडे जायचं. नात चार वर्षांची झाली तरी धड बोलेना, तेव्हा आजीने महिन्याला एकाऐवजी दोन खोकी सुरू केली. आजोबांनी बरणीकडे नुसतं बघितलं, तरी ती झाकण घट्ट करायची.

आज माती तपासणारी बाई अहवाल घेऊन आली.

"आजी, इथे पूर्वी बॅटऱ्या फोडायचा कारखाना होता. मातीत शिसं उतरलंय, भाजीतही येतं. मेंदूला बाधतं ते, लहान मुलांच्या तर फारच. तुम्ही दोघं इथलं किती खाता?"

आजोबा सवयीने हसले. "आम्ही? हिच्या राज्यात आमच्या नशिबी बाजारातलंच. पाच वर्षांत साधं बोट बुडवू दिलं नाही हिने."

"मग सुटलात," बाई म्हणाली आणि कागदावर 'खात नाहीत' असं लिहून निघून गेली.

दाराशी आजचं खोकं होतं. फक्त चिकटपट्टी लावायची राहिली होती. आजीने त्यातली मुरंब्याची बरणी काढली, पदराने पुसली आणि चमचा घेऊन जमिनीवरच बसली.

"अगं, काय करतेस?" आजोबांनी विचारलं.

आजीने चमचा भरून तोंडात घातला. मग दुसरा भरला.